सोन्याच्या नाण्यांनी मोजलेली चढण

१९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या त्या खेळात भुयारातून मिळवलेलं एक सोन्याचं नाणं म्हणजे अनुभवाचा एक गुण. दुसरी पातळी गाठायला लढवय्याला २,००० गुण लागत, जादूगाराला २,५००. मला हा हिशेब फार आवडतो: राक्षसाला मारण्यापेक्षा चकवून खजिना पळवणं शहाणपणाचं ठरे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच तक्ता दिला. तोवर नाण्यांचे गुण मागे पडले होते. मी मात्र माझ्या टेबलावर जुनाच तक्ता चालवते. काही बैठका खजिन्याविना गेल्या, की खेळाडू नकाशा नीट वाचू लागतात, पहारेकऱ्यांशी वाटाघाटी करतात आणि मशालीही मोजून वापरतात.