खिशातला चाकू: अवजार की हत्यार?

या टेबलावर आम्ही चार चाकू मांडलेत. मघाशी खाली दारावर आमची पिशवी तपासली गेली. रखवालदारांनी पहिल्या तिघांकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथा मात्र हातात घेतला आणि विचारलं, "हा कशाला?" चौथा रामपुरी होता. खरं सांगायचं तर चौघांत सगळ्यांत बोथट तोच आहे. आजचं आमचं बोलणं त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा.

सुरुवात आपल्या घरापासून करू. मिटणारे चाकू जुने आहेत, रोमन काळातलेही सापडतात. पण छोट्या चाकूचं एक घराणं थेट लेखणीशी जोडलेलं आहे. आपल्याकडे मोडी लिहायची ती बोरूनं. बोरूचं टोक झिजलं की ते पुन्हा तासायचं, तिरका काप घ्यायचा. त्यामुळे कारकुनाजवळ दौत, बोरू आणि वाळूबरोबर लहानसा चाकूही असायचाच. फारसीत त्याला कलमतराश म्हणतात, म्हणजे कलम तासणारा. तिकडे इंग्रज पिसाच्या लेखणीनं लिहीत, म्हणून त्यांच्या खिशातल्या चाकूचं नाव पेननाईफ पडलं. लेखण्या बदलल्या, नाव राहिलं. या चाकूला तेव्हा कुणी भ्यायचं नाही. भ्यायचंच असेल तर तो धरणाऱ्या हाताच्या लिखाणाला भ्यायचं!

आता आपण १८९० च्या सुमाराला येऊ. त्या एका दशकात, एकमेकांचा पत्ताही नसलेल्या तीन ठिकाणी तीन चाकू जन्माला आले.

पहिला फ्रान्समधल्या सावोय या डोंगराळ भागातला. जोसेफ ओपिनेलच्या वडिलांची कुऱ्हाडी-कोयत्यांची भट्टी होती. १८९० साली, अठराव्या वर्षी या पोरानं एक साधा मिटणारा चाकू केला. लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा, बस्स. वडिलांना हा उद्योग पसंत नव्हता. पण १८९७ पर्यंत १ ते १२ अशा बारा मापांत तो मिळू लागला. शेतकऱ्यानं त्याच्यानंच पाव कापायचा, त्याच्यानंच द्राक्षवेल छाटायची. मूठ फिरवून पातं पक्कं करणारी धातूची कडी १९५५ साली आली.

दुसरा स्वित्झर्लंडचा, तो तुम्ही सगळे ओळखता. सैन्याला नवी रायफल मिळाली होती, ती उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागायचा. डबाबंद अन्न आलं होतं, त्याला ओपनर लागायचा. म्हणून सैनिकाच्या चाकूत पात्याबरोबर या दोन वस्तू आणि भोकं पाडायची आर बसवली. गंमत म्हणजे पहिला माल जर्मनीतल्या सोलिंगेनमधून आला, कारण स्वित्झर्लंडमध्ये तेवढे कारखानेच नव्हते. इबाख गावच्या कार्ल एल्सनरला हे बोचलं. त्यानं १८९१ साली स्वतः पुरवठा सुरू केला आणि जवळजवळ दिवाळं निघेपर्यंत तोटा सोसला. त्याला तारलं ते १८९७ सालच्या हलक्या, देखण्या 'ऑफिसर' चाकूनं. तो सैन्यानं कधी वाटला नाही, अधिकारी पदरचे पैसे घालून घेत. १९०९ साली आई वारली तेव्हा त्यानं मालाला तिचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. पुढे १९२१ साली न गंजणारं पोलाद आलं, त्याच्या 'इनॉक्स' या नावाशी ते जुळलं आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स.

तिसरा जपानचा, आणि आमचा सर्वांत लाडका. नाव हिगोनोकामी. ह्योगो प्रांतात मिकी नावाचं गाव आहे. १५७८ ते १५८० असा तिथल्या किल्ल्याला वेढा पडला होता, लोक उपासमारीनं मेले. नंतर गाव पुन्हा उभं करायला सुतार आले, सुतारांमागून लोहार आले, आणि मिकी हत्यारांचं, म्हणजे सुतारी हत्यारांचं गाव झालं. (बघा, सुताराच्या पटाशीलाही आपण मराठीत हत्यारच म्हणतो.) पुढे १८७६ साली मेइजी सरकारनं सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली. त्यानंतर वीसेक वर्षांनी मिकीच्या लोहारांनी हा चाकू काढला. हा बघा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पातं, खिळा, आणि पात्याच्या मागे ही छोटी शेपटी. स्प्रिंग नाही, कुलूप नाही. शेपटीवर अंगठा दाबून धरला तरच पातं उघडं राहतं. थोडक्यात, कुलूप म्हणजे तुमचा अंगठा. लक्ष गेलं की बोट कापणार, आणि म्हणूनच लक्ष जात नाही.

स्वस्त असल्यामुळे तो शाळकरी पोरांच्या खिशात गेला. पेन्सिलीला टोक काढायचं, बांबूची खेळणी करायची. कित्येक पिढ्यांचं हे बालपण.

मग आला १२ ऑक्टोबर १९६०. तोक्योच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा भाषण करत होते. सतरा वर्षांचा एक मुलगा मंचावर धावला आणि त्यानं त्यांना भोसकलं. कॅमेरे चालू होते, सगळ्या देशानं ते पाहिलं. ते हत्यार होतं आखूड तलवार, हिगोनोकामी नव्हे. पण मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याच्या हाती पातं होतं, एवढं पुरेसं झालं. 'मुलांच्या हाती धार देऊ नका' अशी चळवळ देशभर पसरली. शाळांतून चाकू गेले, त्यांच्या जागी टोकयंत्रं आली. आज हिगोनोकामी या नोंदणीकृत नावानं चाकू करणारा मिकीत एकच कारखाना उरलाय, नागाओ यांचा. कायदा असा की ६ सेंटिमीटरहून लांब पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायचं नाही. पण याच देशात, नागानो प्रांतातली एक प्राथमिक शाळा नव्या मुलांना अजून हिगोनोकामी देते आणि पेन्सिल तासायला शिकवते. आम्हांला हे दोन्ही निर्णय समजतात. भ्यालेल्या आईबापांना हसण्याचं काहीच कारण नाही. प्रश्न एवढाच की धोका काढून घेताना त्याच्याबरोबर कौशल्य किती गेलं.

आता चौथा. रामपूर हे रोहिलखंडातलं नवाबी संस्थान, आज उत्तर प्रदेशात. तिथल्या कारागिरांचा चाकू आपल्याला ठाऊक आहे तो मुंबईच्या सिनेमातून. 'खट्' आवाज झाला की खलनायक आला. नाव एवढं मोठं झालं की ते कारागिरांनाच भोवलं. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आणली आणि धंदा बसला. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात सहा मीटरचा अवाढव्य रामपुरी उभा केलाय. चौकात स्मारक आणि बाजारात मोजकी दुकानं, अशी आज स्थिती आहे.

आपला देशाचा शस्त्रकायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. पण घरकाम, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठी बनवलेलं वगळून. म्हणजे कायदासुद्धा नुसती पट्टी लावून थांबत नाही, "हा कशाला?" असंच विचारतो. रखवालदारांचा प्रश्न बरोबर होता. आमची तक्रार एवढीच की तो चारही चाकूंना विचारायला हवा होता.

आता थोडं घरचं. आमच्या मंडळींपैकी एकाच्या वडिलांचा चाकू होता, हाडाची मूठ, आंबे कापून कापून पातं अर्धं झिजलेलं. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर हातातल्या सामानात चाकू चालत नाहीत, हे सगळ्या जगाला माहीत आहे. आम्हांलाही होतं. तरी तो पाकिटाशेजारी राहून गेला, आणि विमानतळावरच्या टोपलीत टाकावा लागला. त्या माणसाची काही चूक नव्हती. त्याच्या लेखी ते पातं होतं. आमच्या लेखी दर वैशाखातली एक दुपार होती.

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक चाकूसोबत एक चिठ्ठी ठेवतो: कुणाचा, कुठे घेतला, काय कापायचा. किंमत लिहीत नाही. चाकू हरवला तरी "हा कशाला?" याचं उत्तर तरी उरावं.

तुमच्याही घरी, विळी-अडकित्त्याच्या खणात असा एखादा पडला असेल. गंज काढा, तेलाचा थेंब द्या, आणि घरातलं जुनं माणूस आहे तोवर विचारून घ्या. बाहेर नेताना मात्र नियम पाहून न्या.

प्रश्न असतील तर घेऊ. आणि हो, हिगोनोकामी हातात घेऊन बघायचा असेल तर जरूर या. फक्त अंगठा कुठे ठेवायचा, ते आधी आम्हांला विचारा.