शर्यत सकाळी, पण पैशांचा खेळ आदल्या रात्रीच! मुंबईच्या पहिल्या रेसकोर्सवरचा दिवस कसा असायचा?

रेसकोर्स म्हटलं की डोळ्यांसमोर महालक्ष्मी येतं. लोकलच्या खिडकीतून दिसणारं हिरवंगार मैदान, पांढरं कुंपण आणि डर्बीच्या दिवशी टोप्या घालून मिरवणारे सेलिब्रिटी.

पण मुंबईत घोडे पळायला लागले ते महालक्ष्मीला नाही, भायखळ्याला. तेही महालक्ष्मीचं मैदान तयार होण्याच्या तब्बल ८० वर्षं आधी. तेव्हा रेल्वे नव्हती, गिरण्या नव्हत्या आणि तिकिटाच्या खिडक्याही नव्हत्या. मग शर्यत भरायची कशी? घोडे यायचे कुठून? पैसे लागायचे कसे? आणि आपल्या मराठवाड्याचा या सगळ्याशी काय संबंध?

एकेक करून बघू.

आधी घोडा कशासाठी लागायचा, ते समजून घ्या

आज घोडा आपल्याला वरातीत दिसतो, नाहीतर चौपाटीवर. दोनशे वर्षांपूर्वी घोडा म्हणजे फौज. ज्याच्याकडे चांगले घोडे, त्याची फौज चपळ.

मराठ्यांची मदार होती दख्खनी घोड्यांवर, त्यातही भीमा नदीच्या काठच्या भीमथडी तट्टांवर. उंचीनं लहान, पण काटक. कमी दाण्यावर आणि मिळेल त्या चाऱ्यावर दिवसभर चालणारी. इंग्रज अधिकाऱ्यांची पसंती होती अरबी घोड्याला. वेग, दम आणि देखणेपण तिन्ही एकाच जनावरात.

याचं उदाहरण मराठवाड्यातच सापडतं. २३ सप्टेंबर १८०३ ला आत्ताच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. त्या दिवशी त्याच्या खालचा एक घोडा गोळी लागून पडला. मग तो डायमेड नावाच्या अरबी घोड्यावर बसला, तर त्यालाही भाला लागला.

ज्या काळात घोड्याच्या पायांवर माणसाचा जीव अवलंबून होता, त्या काळात 'कुणाचा घोडा भारी' हा नुसता गप्पांचा विषय नव्हता. ते तपासायची जागा म्हणजे शर्यतीचं मैदान.

भायखळाच का?

मुंबईत १८०२ मध्ये बॉम्बे टर्फ क्लब सुरू झाला आणि शर्यती भरायला लागल्या भायखळ्यात.

जागा निवडण्यामागे कारण होतं. मुंबई तेव्हा बेटांची होती आणि भरतीचं पाणी मधल्या सखल भागात शिरायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी महालक्ष्मी आणि वरळीच्या मधला बांध, म्हणजे हॉर्नबी वेलार्ड, बांधला गेला. समुद्राचं पाणी अडलं आणि आतली खाजण जमीन हळूहळू वापरात आली. भायखळ्याच्या बाजूला मोकळं, सपाट रान मिळालं.

शिवाय इंग्रजांची कचेरी-वखार कोटात आणि गव्हर्नरचा बंगला परळला. भायखळा बरोबर वाटेवर. पैसेवाले लोक कोटातली गर्दी सोडून याच बाजूला बंगले बांधत होते. १८३३ मध्ये इथेच भायखळा क्लब सुरू झाला, ज्याचा शर्यतींशी अगदी घरोबा होता.

पुण्यातही फार उशीर झाला नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि लष्कराच्या छावणीत १८३० मध्ये रेसकोर्स तयार झाला. तो आजही त्याच जागी आहे.

घोडे बोटीनं यायचे

अरबी घोडे यायचे इराणच्या आखातातून. बसरा आणि आसपासच्या बंदरांतून गलबतं भरून घोडे मुंबईला उतरायचे. शहरात अरब व्यापाऱ्यांचे मोठे तबेले होते. लष्करी अधिकारी, संस्थानिक, शेठ-सावकार तिथे जाऊन घोडा पारखायचे. म्हणजे मुंबई हे नुसतं शर्यतीचं शहर नव्हतं, ती घोड्यांची बाजारपेठही होती.

पुढे ऑस्ट्रेलियातूनही घोडे यायला लागले. ते न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांचं नाव पडलं 'वेलर'.

आदल्या रात्रीचा लिलाव

आता येऊ शर्यतीवर. इंग्रजांच्या छावण्यांमध्ये शर्यत भरवायची पद्धत जवळपास सगळीकडे सारखीच होती. आणि त्यातला पैशांचा मोठा भाग सुरू व्हायचा आदल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर.

याला म्हणायचे 'लॉटरी', पण आजच्या लॉटरीसारखी नाही. आधी चिठ्ठ्या विकायच्या, तो पैसा एका गल्ल्यात. मग सोडत काढायची आणि दुसऱ्या दिवशी पळणारा एकेक घोडा एकेका चिठ्ठीवाल्याच्या नावावर निघायचा. इथपर्यंत सगळं नशीब.

त्यानंतर खरी मजा. प्रत्येक घोड्याचा लिलाव व्हायचा. घोडा खरोखर विकायचा नाही, फक्त 'हा जिंकला तर गल्ला माझा' हा हक्क विकायचा. बोलीची रक्कम गल्ल्यात पडून तो फुगत जायचा. ज्याला घोड्यांतलं कळतं, तो चांगल्या घोड्यावर बोली चढवायचा. घोड्याचा खरा मालकही बोलीला बसायचा आणि तो किती पुढे जातो यावरून बाकीचे अंदाज बांधायचे. मालकच हात आखडता घेत असेल, तर काहीतरी पाणी मुरतंय!

शर्यतीची सकाळ

हंगाम थंडीचा. आणि उन्हाच्या धास्तीनं त्या काळच्या शर्यती बऱ्याचदा सकाळीच व्हायच्या.

आज दोन-अडीच मिनिटांत शर्यत संपते. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा 'हीट' असायच्या, म्हणजे तेच घोडे तेच अंतर पुन्हा पुन्हा पळायचे. अंतर दोन मैल असेल, तर एका हीटला साधारण सव्वातीन किलोमीटर. मग थोडा वेळ विश्रांती. तेवढ्यात मोतद्दार घोड्याचा घाम निथळून काढणार, अंग रगडणार आणि पुन्हा घोडा रेषेवर उभा. ज्यानं दोन हीट जिंकल्या, तो विजेता. एक तू, एक मी असं झालं तर तिसरी हीट.

आणखी एक नियम होता. शेवटच्या खांबाच्या अलीकडे दुसरा एक खांब रोवलेला असायचा. पहिला घोडा जिंकला तेव्हा जो घोडा या खांबापर्यंतही पोचलेला नसेल, तो बाद. पुढच्या हीटमध्ये त्याला जागा नाही.

आता प्रश्न पडेल, मोठ्या घोड्यासमोर लहान घोडा टिकणार कसा? त्यावरही उपाय होता. घोड्याची उंची मोजायची 'हँड'मध्ये. एक हँड म्हणजे ४ इंच. जितका घोडा उंच, तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त. स्वार हलका असेल तर खोगिराबरोबर शिसं लावून वजन पूर्ण करायचं. आजच्या हँडिकॅप शर्यतीत घोड्याच्या आधीच्या कामगिरीवरून वजन ठरतं, पण विचार तोच: सगळ्यांना सारखी संधी मिळाली, तर शर्यतीत चुरस राहते.

स्वार कोण? सुरुवातीला बऱ्याचदा लष्करी अधिकारी स्वतःच. पगारी जॉकीचा जमाना पुढे आला. विसाव्या शतकात पांडू खाडे, वसंत शिंदे अशा मराठी जॉकींनी मुंबईचं मैदान गाजवलं.

बघायला कोण यायचं?

क्लब साहेब लोकांचा असला, तरी शर्यत मोकळ्या रानात. त्यामुळे बघ्यांना अडवणार कोण?

आणि हौस फक्त गोऱ्यांना होती असंही नाही. पहिले आगा खान १८४० च्या दशकात इराण सोडून हिंदुस्थानात आले आणि मुंबईत स्थायिक झाले. त्यांना घोड्यांचा जबरदस्त नाद. हा नाद घराण्यात इतका मुरला की त्यांचे नातू आगा खान तिसरे यांच्या घोड्यांनी इंग्लंडमधली एप्सम डर्बी एकूण पाच वेळा जिंकली: १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२.

भायखळा सुटलं कसं?

शहर वाढलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, ती भायखळ्यावरूनच गेली. १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि बघता बघता भोवती चाळी झाल्या. मोकळं रान मोकळं राहिलं नाही.

म्हणून १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या दलदलीच्या जागेवर नवं मैदान तयार झालं. नमुना होता मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सचा. क्लबचं नाव पुढे बदललं आणि १९३५ मध्ये त्याला 'रॉयल' ही पदवी जोडली गेली. तोच आजचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. १९४३ मध्ये इथे पहिली इंडियन डर्बी झाली. जिंकली बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीनं.

आणि आपला मराठवाडा?

नांदेड, लातूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे आपल्या भागाच्या राजधानीतला रेसकोर्स म्हणजे हैदराबादचा. सहावा निजाम मीर महबूब अली खान यानं १८८६ मध्ये शर्यतीचं मैदान मौला अलीहून मलकपेटला, आपल्या महालाजवळ आणलं. मलकपेटला आजही शर्यती होतात.

पण नांदेड-लातूरच्या माणसाला घोडा पारखायला रेसकोर्सची गरज कधीच पडली नाही. त्यासाठी माळेगाव आहे! नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. इथे गिऱ्हाईक घोड्याचे दात बघून वय ओळखतो, अंगावरचे भोवरे तपासतो, देवमण आहे का बघतो. मग रेवाल चाल बघायला घोडा चालवून दाखवायला लावतो. रेवाल म्हणजे स्वाराच्या पोटातलं पाणी हलू न देणारी वेगवान चाल.

बसऱ्याहून आलेला घोडा निरखणारा इंग्रज कप्तान आणि माळेगावच्या बाजारातला शेतकरी, दोघंही एकच गोष्ट शोधत असतात: जनावर खरं की खोटं.

मग जुगार कुठून आला?

आला नाही, तो पहिल्यापासून होताच. फक्त त्याचा आकार बदलला.

भायखळ्याच्या काळात पैसे लावणारी मंडळी मूठभर आणि एकमेकांना ओळखणारी. पुढे बुकी आले. मग 'टोट' आलं. ही पद्धत १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली. यात सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, त्यातून कर आणि क्लबचा वाटा कापायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. समजा १०० रुपये जमले आणि २० कापले, तर जिंकणाऱ्यांना मिळून ८० च मिळणार. म्हणजे कुठलाही घोडा जिंको, कापणाऱ्याचं नुकसान नाही. 'पक्की टिप' देणाऱ्याच्या नादाला लागण्याआधी हे गणित लक्षात ठेवा.

ज्याला घोड्यातलं काही कळत नाही असा माणूसही आता पैसे लावू शकत होता. त्यामुळे सरकारला मध्ये पडावं लागलं. १९१२ मध्ये मुंबई सरकारनं कायदा केला: परवान्याशिवाय घोड्यांची शर्यत भरवता येणार नाही. तेव्हापासून अर्थ सरळ आहे. परवान्याच्या मैदानावर, नियमानं लावलेला पैसा कायदेशीर. गल्लीतल्या बुकीकडे लावलेला गुन्हा.

पण जुगाराला बंदी असताना रेसला सूट का? या प्रश्नावर १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तामिळनाडूच्या एका खटल्यात. न्यायालयानं सांगितलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, कारण जिंकणं-हरणं घोड्याची जात, तयारी आणि जॉकीचं कसब यावर ठरतं. आज देशातली घोड्यांची रेस उभी आहे ती याच आधारावर.

गंमत बघा. सगळा कायदा शेवटी एका गोष्टीवर येऊन टेकतो: पैसे लावणारा घोडा बघतो की नाही.

आज काय चालू आहे?

रेसच्या घोड्यांनी देशाला एक अनपेक्षित गोष्टही दिली. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय १९४६ पासूनचा. निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, कारण घोड्याच्या रक्तापासून सर्पदंश आणि धनुर्वातावरची औषधं बनतात. मग ती आपणच का बनवू नयेत, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

आणि महालक्ष्मीचं मैदान? जागेचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि अनेक वर्षं वाद चालला. २०२४ मध्ये सरकारनं निर्णय घेतला की सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे जाईल आणि ९१ एकर क्लबकडे राहील.

भायखळ्याचं रान शहरानं गिळलं तेव्हा क्लबला पुढे सरकायला महालक्ष्मीची दलदल होती. आता मुंबईत तशी मोकळी जागा उरलेली नाही. त्यामुळे या वेळी मैदान हलणार नाही, त्याची वाटणी होणार आहे. त्यातला मोठा वाटा कधीच पैसे न लावणाऱ्या मुंबईकराला मिळणार की नाही, हे येत्या काही वर्षांत दिसेल.