द्विभार्याबंदी आणि दुसरी बायको

मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्याविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला, तोवर पहिली बायको हयात असताना दुसरी करणे हा हिंदू पुरुषासाठी गुन्हा नव्हता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९४ द्विविवाहाला सात वर्षांपर्यंत कैद सांगत होते हे खरे. परंतु पहिला जोडीदार हयात असल्यामुळे जे दुसरे लग्न ‘शून्य’, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मुळातच न झालेले ठरते, तेवढ्यालाच ते लागू होई, आणि हिंदू पुरुषाचे दुसरे लग्न तर वैधच मानले जात असे. त्यामुळे हिंदूंपुरता या कलमाचा बडगा बसे तो स्त्रीवर. अनेक जातींत नवऱ्याला सोडलेल्या बाईने जातपंचायतीच्या संमतीने ‘पाट’ लावण्याची, म्हणजे साध्या विधीने पुन्हा संसार मांडण्याची रीत होती; तरीही १८७६ च्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने, नवऱ्याच्या संमतीवाचून पहिले लग्न मोडण्याचा जातीला अधिकार नाही, असे ठरवले. नवऱ्याला मुभा आणि बायकोला तुरुंग, असा हा उघड अन्याय होता.

१९४६ च्या कायद्याने पुरुषाचेही दुसरे लग्न शून्य आणि दंडनीय केले. त्याला दिलेले आव्हान ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’ या नावाने उच्च न्यायालयात आले, तेव्हा १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. मोक्षासाठी पुत्र हवा या युक्तिवादाला छागलांनी दिलेले उत्तर, की त्याच धर्माने दत्तकाचीही सोय केलेली आहे, हे या निकालातील सर्वांत मर्मग्राही विधान म्हणावे लागेल. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंना एकपत्नीत्व जवळजवळ देशभर लागू केले आणि मुंबईचा कायदा रद्द झाला.

मात्र पळवाट राहिली ती ‘लग्न’ या शब्दातच. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या भाऊराव लोखंडे खटल्यात दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले होते. वधूवरांची कपाळे एकमेकांना टेकवली गेली होती, पण होम नव्हता, सप्तपदी नव्हती, आणि ते विधी वगळण्याची जातीची रूढी आहे असेही सिद्ध झाले नाही. म्हणून न्यायालयाने ते कायद्याच्या अर्थाने लग्नच नाही असे ठरवून शिक्षा रद्द केली. जी रीत लोकांच्या लेखी लग्न होती ती न्यायालयाच्या लेखी काहीच नव्हती, आणि या फरकाचा लाभ पुरुषालाच मिळाला.

त्याची किंमत दुसरीने मोजली. १९८८ साली यमुनाबाई आढाव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शून्य विवाहातील स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील ‘पत्नी’ नव्हे, म्हणून तिला पोटगी नाही. मुलांना विवाह कायद्याच्या कलम १६ ने औरसपण दिले, आईला मात्र पत्नीचा दर्जा नाही. कायद्याने पुरुषाची अनेकपत्नीकता मोडण्याचा निर्धार केला, पण त्या घरात आधीच नांदणाऱ्या बाईचे पुढे काय, याचा विचार केला नाही. ही त्याची मोठी चूक होती. पहिले लग्न लपवून फसवल्या गेलेल्या स्त्रीला त्याच कलमाखाली पत्नी मानावे, असे त्याच न्यायालयाने २०१३ साली बादशाह गोडसे प्रकरणात म्हटले, म्हणजे मधली पंचवीस वर्षे गेली. सवत आहे हे ठाऊक असूनही संसार थाटणाऱ्या बाईला त्या निकालाचा आधार नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ८२ मध्येही दुसरे लग्न शून्य असण्याची तीच जुनी अट कायम आहे.