राहू आणि सावली
चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे आर्यभटाने सन 499च्या सुमारास मांडले. 628 साली ब्रह्मगुप्ताने राहू नाकारणारे हे मत वेद-स्मृतींच्या विरुद्ध म्हणून धिक्कारले. ग्रहणाचे गणित मात्र सावलीवरूनच केले. श्रद्धेपोटी शंका घेणे गैर नाही. स्वतः वापरतो तेच दुसऱ्याने म्हटले की धर्मबाह्य ठरवायचे, हा मला अपराध वाटतो. लोकांचे स्नान-दान सुटू नये म्हणून त्याने तसे लिहिले असेल, असा बचाव करता येईल. पण पर्वकाळ कधी लागतो, कधी सुटतो, हे सावलीचेच गणित सांगत होते. सावली मान्य केल्याने कुणाचे स्नान बुडणार नव्हते. 1030च्या सुमारास अल्-बिरूनीने हीच विसंगती पकडली. सॉक्रेटिससारख्या गतीच्या भयाने ब्रह्मगुप्त सत्य जाणूनही तसे बोलला असावा, असा त्याचा तर्क होता.