तंजावूरच्या पोथ्यांचे अंक आणि दुव्यापुरते पत्ते

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या काळापासून जमत आले आणि दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) त्याला आजचे मोठेपण लाभले. तरी तेथील संस्कृत पोथ्यांची बाहेरच्या अभ्यासकाला वापरता येईल अशी छापील सूची, तंजावूरचे न्यायाधीश आर्थर बर्नेल यांच्या श्रमांतून, १८८० साली लंडनमध्ये निघाली. सूचीतील अंक त्या सूचीपुरताच खरा असतो, कारण तोच अंक दुसऱ्या ग्रंथालयात वेगळ्याच पोथीवर असू शकतो. म्हणून थिओडोर आउफ्रेख्त यांनी अनेक ग्रंथालयांच्या सूच्या एकत्र करून १८९१ पासून 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्येक निर्देशात अंकाच्या आधी मूळ सूचीचे आखूड नाव घातले. तंजावूरच्या पोथ्यांपुरते ते नाव 'बर्नेल' असे होते.

संगणकांच्या जाळ्यात हाच पेच 'लिंक-लोकल', म्हणजे एकाच दुव्यापुरत्या, पत्त्यांनी उभा केला. वाटप करणारी यंत्रणा नसली की उपकरण १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या श्रेणीतून स्वतःच पत्ता निवडते आणि तो आधी कोणी घेतलेला नाही ना, हे शेजाऱ्यांना विचारून घेते (ही रीत २००५ साली प्रमाणित झाली). आयपीव्ही६ मध्ये तर प्रत्येक जोडणीला 'एफई८०' ने सुरू होणारा असा पत्ता असतोच. राउटर हे पत्ते पुढे धाडत नाही. एकाच संगणकाला वायफाय आणि केबल दोन्ही असतील, तर एकच पत्ता दोन बाजूंना दोन निराळ्या यंत्रांचा असू शकतो, म्हणून पत्त्यामागे टक्क्याचे चिन्ह आणि जोडणीचे नाव लिहिण्याची पद्धत पडली. मात्र ते नाव त्या संगणकाबाहेर कोणालाच कळत नाही.

सेवाशोधात, म्हणजे 'येथे प्रिंटर कोण?' असा प्रश्न साऱ्या दुव्याला विचारण्याच्या व्यवहारात (२०१३ चे मल्टिकास्ट डीएनएस मानक), खरी अडचण येते. उत्तराच्या नोंदीत फक्त पत्त्याचे १२८ बिट मावतात, जोडणीचे नाव नसते. उत्तर कोणत्या वाटेने आले हे ऐकणाऱ्यानेच टिपून ठेवले नाही, तर प्रिंटर यादीत दिसतो पण जोडला जात नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या प्रिंटरच्या माथी येतो. एका दुव्यावरची माहिती दूरच्या विचारणाऱ्याला पुरवणाऱ्या मध्यस्थासाठी २०२० साली जे मानक झाले, त्यात असे निरुपयोगी पत्ते गाळण्याची तरतूद आहे.

तंजावूरला पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ पासून एकोणीस खंडांची वर्णनात्मक सूची काढली, पोथ्यांना नवे अंक दिले आणि नोंदींत बर्नेलचे जुने अंकही नमूद केले, त्यामुळे आउफ्रेख्तकडून निघालेला वाचक आजही पोथीपर्यंत पोहोचतो. उत्तरासोबत त्याची वाट जपण्याची ही दक्षता सेवाशोधाच्या अनेक प्रणाल्यांत अजूनही पुरेशी दिसत नाही.