मूक अभ्यासक्रम : यशाची मोजपट्टी

२००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सिमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी इंटरनेटवर एक अभ्यासक्रम चालविला. शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे २५. विनामूल्य सामील झालेले २,२००हून अधिक. या प्रयोगाला डेव्ह कॉर्मिए यांनी 'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' असे नाव दिले. त्याचे आद्याक्षरी रूप 'मूक'. मराठी कानाला ते चमत्कारिक वाटते; परंतु ज्यांची बाजू कोणी विचारली नाही, अशा विद्यार्थ्यांचा हा इतिहास असल्याने ते फारसे अस्थानीही नाही.

मॅनिटोबात प्रत्येकाने हवे तेवढे घ्यावे, अशी कल्पना होती. विनामूल्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा प्रश्न उद्‌भवत नव्हता. २०१२ साली एमआयटीने विद्युत मंडलांवरचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा १,५४,७६३ जणांनी नावे नोंदविली आणि ७,१५७ जणांना प्रमाणपत्र मिळाले. शेकडा पाचही नाहीत! येथून 'बाकीचे गळाले' ही भाषा रूढ झाली. वस्तुतः ही मोजपट्टी महाविद्यालयाची. तेथे विद्यार्थी शुल्क भरतो, वर्षे खर्च करतो. येथे नाव नोंदवायला एक कळ दाबणे पुरे.

हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या १७ अभ्यासक्रमांचा अहवाल जानेवारी २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण नोंदी ८,४१,६८७. त्यांपैकी २,९२,८५२ नोंदींत अभ्याससाहित्य उघडलेच गेले नव्हते. ४३,१९६ नोंदींत प्रमाणपत्र मिळाले. आणि ३५,९३७ नोंदींत निम्मा किंवा त्याहून अधिक अभ्यास होऊनही प्रमाणपत्र नव्हते. या शेवटच्या गटाला कोणत्या न्यायाने अयशस्वी म्हणावे?

त्याच वर्षाच्या अखेरीस हार्वर्डच्या ९ अभ्यासक्रमांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात विद्यार्थ्यांनी आरंभी सांगितलेला इरादा विचारात घेतला होता. अभ्यासक्रम पूर्ण करायचाच, असे सांगणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना प्रमाणपत्र मिळाले. नुसते चाळून पाहायला आलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. चाळणाऱ्यांना नापास ठरविणे अन्यायाचे होते, हे यावरून उघड होते. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजू संस्थांना सोयीची नाही. पूर्ण करण्याच्या निश्चयाने आलेल्या शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तरांना प्रमाणपत्र मिळाले नाही, आणि त्यांच्या बाबतीत 'त्यांना तेवढेच हवे होते' असे म्हणून हात झटकता येत नाहीत.