आईचा जन्म कुठल्या देशात झाला?

परवा ताईचा न्यू जर्सीहून फोन आला. तिच्या मुलीला शाळेत 'आपलं कुटुंब कुठून आलं' असा काहीतरी प्रकल्प दिलाय आणि त्यासाठी आजीच्या जन्माचं गाव, जिल्हा आणि देश हवा होता. गाव सांगितलं. जिल्ह्यापाशी जीभ अडखळली. उस्मानाबाद सांगू की धाराशिव? (सरकारदरबारी २०२३ पासून धाराशिव झालंय. आई जन्मभर धाराशिवच म्हणत आलीय, त्यामुळे तिला काही फरक पडला नाही.) देशासाठी "लिही इंडिया" असं म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर आठवलं, याच रकान्यापायी २००८ साली मी अख्खी दुपार घालवली होती.

तेव्हा ताईला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला आईने जायचं ठरलं होतं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. आई एकटी, बासष्ट वर्षांची, कधी विमानात न बसलेली. अमेरिकेच्या पाहुणा-व्हिसाचा फॉर्म मी भरत होतो आणि ती शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. जन्मतारीख १ जून १९४६. ही तारीख गुरुजींची देणगी! त्या पिढीतला अर्धा मराठवाडा १ जूनला जन्मलाय. पुढचा रकाना जन्माच्या देशाचा. मी 'इंडिया' लिहिलं, तर आई सहज म्हणाली, "इंडिया कुठला तवा? मोगलाई व्हती."

मी हसलो. मग जरा थांबलो. कारण ती बरोबर सांगत होती.

आमचं आजोळ येडशीच्या पलीकडे. १९४६ साली हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथून चार-पाच कोसांवरची पांगरी मात्र बार्शी तालुक्यात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजीत. बार्शी तालुका तीन बाजूंनी मोगलाईने वेढलेला. आज्जीचं माहेर पांगरीचं. इंग्रजीतली मुलगी मोगलाईत दिली होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, म्हणून थोरला मामा पांगरीत जन्मला. आई तिसरी, ती घरीच झाली. त्या वेळच्या कायद्याने बघितलं तर इंग्रजी मुलखात जन्मलेला मामा 'ब्रिटिश प्रजाजन', आणि आई निजामाची रयत, म्हणजे इंग्रजांच्या भाषेत 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती'. संस्थानी माणसाला परदेशी जायचं तर पासपोर्टवर असंच लिहून मिळायचं. एका आईची दोन लेकरं, एकाच चुलीवर वाढलेली, आणि कागदावर दोघांचा दर्जा वेगळा. (मामा हे वाचून "मी साहेब होतो" म्हणत गावभर फिरणार, हे मला माहीत आहे.)

ही सरहद्द कागदावरचीच होती असंही नाही. मोगलाईत सिक्का हाली, इंग्रजीत कलदार. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार यायचे. सरकारी साल फसली. आईच्या जन्माची नोंद कुठे झालीच असती तर ती १३५५ फसली अशी, उर्दूत झाली असती. महिन्यांची नावंही निराळी, खुरदाद, तीर, अमरदाद. आणि हद्दीवर करोडगिरीचे नाके. मालावर शेकडा पाच जकात. बार्शीच्या बाजाराला शेंगा न्या की तिकडून कापड आणा, नाक्यावर गाडी थांबायचीच. आज्जी माहेराहून येताना मिळालेली नवी साडी पिशवीत ठेवायचीच नाही, नेसूनच यायची. दोन मिळाल्या तर एकावर एक नेसायची! "लई जाड झालीस गं पांगरीला जाऊन," असं नाक्यावरचा शिपाई म्हणायचा म्हणे. त्यालाही सगळं ठाऊक असणार.

पण एक गोष्ट बघा. नाक्यावर मालाची झडती व्हायची, माणसाची नाही. तू कोण, कशाला चाललीस, परत कधी येणार, हे आज्जीला कुणी कधी विचारलं नाही. बार्शीची छोटी रेल्वे तर १९११ पासून कुर्डूवाडीहून पार लातुरापर्यंत जायची, इंग्रजीतून मोगलाईत, एकाच तिकिटावर. जगातही फार वेगळं नव्हतं. पहिल्या महायुद्धाआधी बहुतेक देशांत साध्या प्रवाशाला पासपोर्ट लागत नसे. युद्धात हेरांच्या भीतीने तो सक्तीचा झाला आणि युद्ध संपल्यावर गेला नाही. १९२० साली पॅरिसला परिषद भरवून पुस्तिकेचा नमुनाही ठरवला गेला. आपल्याकडचा पासपोर्टचा कायदाही १९२० चाच.

आमच्या जिल्ह्याला तर देश बदलायची सवयच. १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाडाबरोबर हा भागही इंग्रजांना दिला होता. ठगांवर कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गाला अधिकारी होता. १८६० साली इंग्रजांनी जिल्हा परत केला. सात वर्षांत दोनदा मुलूख बदलला आणि कुणाच्या शेताचा बांध इंचभर हलला नाही.

बांध हलले नाहीत, पण १९४८ साली माणसं हलली.

१५ ऑगस्ट १९४७ ला बार्शीत तिरंगा लागला आणि येडशीत लागला नाही. निजामाने स्वतंत्र राहायचं ठरवलं. नोव्हेंबरात भारताशी 'जैसे थे' करार झाला, पण रझाकारांचा जोर वाढत गेला. त्यांचा पुढारी कासीम रझवी मूळ लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. इकडे सरहद्दीवरून लढा देणाऱ्यांचे कॅम्प, तिकडे गावं लुटली जाणं, जाळली जाणं. १९४८ च्या पावसाळ्यात आजोबांनी एका रात्री बैलगाडी जुंपली. आई दोन वर्षांची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या, एवढं मामाला आठवतं. रामलिंगाच्या रानातून पहाटे पांगरी. तेव्हा बार्शी, सोलापूर अशा निर्वासितांनी भरलेलं होतं. म्हणजे आमची आई दोन वर्षांची असताना परदेशात निर्वासित होती, आणि तो परदेश म्हणजे तिच्या आईचं माहेर!

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या, बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि त्याच दिवशी उमरग्यापर्यंत पोचल्या. १७ तारखेला हैदराबाद शरण आलं. पंधराएक दिवसांनी आज्जीने धोशा लावला. नवरात्र जवळ आलं होतं. तुळजाभवानीचे घट घरीच बसले पाहिजेत, माहेरी बसवून चालत नाहीत. आजोबा म्हणत होते अजून थांबू. आज्जी थांबली नाही. घराला कुलूप तसंच होतं. कोठारातली ज्वारी गेली होती, बाकी सगळं होतं. घट बसले.

घरातली गोष्ट इथेच थांबते, आणि पुष्कळ वर्षं मलाही ती इथेच संपली असं वाटायचं. पण आज्जीच्या शेजारच्या घराला तेव्हा लागलेलं कुलूप पुन्हा त्या माणसांच्या हाताने उघडलं नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत जिल्ह्यातल्या मुसलमानांवर जे गुदरलं ते आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता तेही सापडले. सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिने सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, त्यांत आमचा एक. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही.

शेजारचं कुटुंब आधी हैदराबादला आणि तिथून मुंबईमार्गे बोटीने कराचीला गेलं. त्यांतली दहा वर्षांची मुलगी आईला कडेवर घेऊन गावभर फिरवायची. आई तिला आपा म्हणते. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न आधीच होऊन ती सोलापुरात होती, ती इथेच राहिली.

सुरुवातीला भारत-पाकिस्तानात नुसतं जाता-येता यायचं. १९४८ च्या जुलैत परमिट आलं, १९५२ च्या ऑक्टोबरात पासपोर्ट आणि व्हिसा आला. आपा त्यानंतर एकदाच आली, १९८३ साली. मी दहा वर्षांचा होतो, मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी. ती कराचीहून लाहोर, तिथून समझौता एक्सप्रेस, मग दिल्ली, सोलापूर अशी आली. म्हणजे सोलापूर स्टेशनावर उतरली, पण बहिणीच्या घरी गेली नाही. कारण तिच्या व्हिसावर गावं लिहिलेली होती, हैदराबाद आणि उस्मानाबाद. सोलापूर त्यात नव्हतं. चोवीस तासांच्या आत उस्मानाबादेत पोलिसांकडे हजेरी, निघताना पुन्हा हजेरी. शेवटी सोलापूरची बहीण एस.टी.ने गावात आली. दोघी ओसरीवर बसल्या होत्या आणि बराच वेळ कुणीच बोलेना. मग आज्जीने भाकरी थापायला घेतल्या आणि आपा उठून तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसली.

तिला त्यांचं जुनं घर बघायचं होतं. तिथे दुसरं कुटुंब राहत होतं. त्या लोकांनी चहा पाजला. आपाने परसातल्या लिंबाच्या झाडाला हात लावला आणि "चला" म्हणाली. जिच्या जन्माच्या रकान्यात हेच गाव आहे, तिला तीस दिवसांनी हे गाव सोडायचं होतं. दिवस उलटले तर गुन्हा.

तर २००८. मुंबईत अमेरिकेची वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला, लिंकन हाउसमध्ये होती. हे मूळचं वांकानेरच्या महाराजांचं निवासस्थान, १९५७ साली अमेरिकेकडे गेलं. (२०११ पासून वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.) म्हणजे एका संस्थानची रयत दुसऱ्या संस्थानिकाच्या वाड्यासमोर तिसऱ्या देशाच्या परवानगीसाठी रांगेत उभी! आईजवळ मी फाइल दिली होती, सातबारा, कुटुंब निवृत्तीवेतनाचं पुस्तक, ठेवींच्या पावत्या, घरपट्टी. कारण अमेरिकेचा १९५२ चा कायदा असा, की पाहुणा म्हणून येणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरायचं. तसं नाही, हे पटवायची जबाबदारी त्याची. विधवा बाई, एकुलती मुलगी तिकडे, म्हणून मला धास्ती होती. मी बाहेर फुटपाथवर उभा, आत ती एकटी.

खिडकीपलीकडच्या गोऱ्या साहेबाने दुभाष्या बाईंमार्फत विचारलं, "तुम्ही परत याल हे कशावरून?" आईने फाइल उघडलीच नाही. म्हणाली, "नवरात्रात घट बसवायचे असतात. माझ्याशिवाय कोण बसवणार?" घट म्हणजे काय ते दुभाष्या बाईंना इंग्रजीत सांगता येईना. त्यांनी मातीचं भांडं, त्यात पेरलेलं धान्य, नऊ दिवस, देवी असं काहीबाही सांगितलं. साहेबाने विचारलं, हे तिकडे मुलीच्या घरी नाही का करता येणार? आई म्हणाली, "छे! पाहुण्याच्या घरी घट बसत नसतात." लेकीचं घर तिच्या तोंडून पाहुण्याचं घर झालं, आणि बहुधा तिथेच काम झालं. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला.

एप्रिलात गेली, सप्टेंबरात परत आली, घटस्थापनेच्या चार दिवस आधी. मधल्या काळात ताईने तिला फोनकार्ड आणून दिलं होतं. त्यावरून आईने एकदा कराचीला फोन लावला. आपा तेव्हा सत्तरीची. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ साली बंद झाली होती आणि व्हिसासाठी इस्लामाबाद गाठणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. तिचं मराठी मात्र अजून येडशीचंच होतं. तिने बाळाची चौकशी केली, पांगरीच्या वाटेवरचा ओढा अजून वाहतो का विचारलं आणि मग म्हणाली,

"व्हिसावर किती गावं लिव्हलीत गं तुझ्या?"

"एक बी न्हाई. गावाचं नावच न्हाई त्यावर. वाटंल तिकडं जा म्हणत्यात."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. कार्डावरची मिनिटं चालली होती, ताई खुणा करत होती.

"असा बी असतो का व्हिसा," आपा म्हणाली.